चिमुकल्या फोटोंचे गणपती

इन्स्टॅक्स मिनी हा काढल्या काढल्या कागदावर फोटो देणारा कॅमेरा. त्याचा फोटो एटीएम कार्डाएवढा असतो. कागद ८६ बाय ५४ मिलिमीटरचा, आणि त्यातली चित्राची चौकट आणखी लहान, ६२ बाय ४६. कुडाळजवळच्या माझ्या सासरच्या घरी गणपतीला पंचवीस-तीस माणसं जमतात. वर रानातल्या फळापानांची माटवी, पुढे मखर, दोन्ही बाजूंना समया, शिवाय खळ्यात, म्हणजे अंगणात, भजनी मंडळी. एवढं सगळं त्या एवढ्याशा चौकटीत कसं मावायचं, याचा शोध घेण्यात मागच्या वर्षीचे गणपती गेले. इतके मजेचे गणपती मला आठवत नाहीत.

कॅमेरा मिनी ११, २०२० साली आलेला. भाचीने वापरून कंटाळून मला दिला. हातात घेतला तर खेळणंच वाटतं: गुबगुबीत, प्लॅस्टिकचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. भिंगाचं छिद्र कायमचं एकाच लहान मापावर, एफ १२.७ वर, फिल्म आयएसओ ८०० ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी. उजेड मोजून शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेराच ठरवतो, अर्ध्या सेकंदापासून एका सेकंदाच्या २५०व्या भागापर्यंत. फ्लॅश प्रत्येक वेळी उडतो, तो बंद करण्याची सोयच नाही. म्हणजे आपल्या हातात उरतात दोनच गोष्टी, कुठे उभं राहायचं आणि कधी दाबायचं. मला हे फार आवडलं. मोबाइलवर निम्मा वेळ पर्याय निवडण्यातच जातो.

इन्स्टॅक्स बनवणाऱ्या फुजीफिल्म कंपनीने हा मिनी आकार १९९८ मध्ये आणला. कोकण रेल्वे मुंबईपासून पार मंगळूरपर्यंत सलग धावू लागली तीही १९९८ मध्येच. आमचा प्रवास तिच्यावरूनच होतो. गणपतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा कॅमेरा आणि फिल्मची पाकिटं मांडीवरच्या पिशवीत, मध्ये टॉवेल घालून नेली. फिल्मला उष्णता सोसत नाही. बंद गाडीच्या काचेखाली ती तापली तर रंग बिघडतात, म्हणून स्टेशनवर घ्यायला आलेल्या दिराच्या गाडीतही पिशवी पुढे ठेवू दिली नाही. एका पाकिटात दहाच फोटो येतात आणि एकेक फोटो पन्नास रुपयांच्या पुढे पडतो. एवढी किंमत डोक्यात असली की बोट आपोआप थांबतं.

फिल्म भरायची वेळ आली तेव्हा ओटीवर पोरांचा घोळका जमला. मागचं दार उघडायचं, पाकिटावरची पिवळी रेघ कॅमेऱ्यातल्या पिवळ्या खुणेशी जुळवायची, दार बंद करायचं आणि एकदा बटण दाबायचं. मग वरच्या फटीतून काळं कव्हर बाहेर येतं. ते पोरांनीच पळवलं. दिवसभर ते त्यांच्या दुकान-दुकान खेळात कार्ड म्हणून फिरत होतं. एकच ताकीद मी पुन्हा पुन्हा दिली, की पाकीट संपेपर्यंत मागचं दार उघडायचं नाही. आत उजेड गेला की उरलेले फोटो गेलेच. मागे एक लहानशी खिडकी असते, तिच्यात किती शिल्लक आहेत ते आकड्यात दिसतं. पुतण्याने ती खिडकी वाचण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि शेवटपर्यंत ते निष्ठेने केलं. जेवताना मध्येच उठून येऊन सांगायचा, ‘काकी, चार उरले.’

पहिला फोटो अर्थातच वयनींचा. त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या वहिनी, पण घरात लहानथोर सगळेच त्यांना वयनी म्हणतात. ओटीच्या कडेला बसून त्या दुर्वा निवडत होत्या. भाद्रपदातला दिवस, आभाळ भरलेलं, खळ्यातून मऊ उजेड आत येत होता. या कॅमेऱ्याला असाच उजेड हवा असतो. कडक उन्हात शटर २५०व्या भागाहून जलद होत नाही, आणि चेहरा फिका पडतो. बटण दाबलं, किर्रर्र आवाज करत कागद वर आला. तो मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘गो, ह्यो तर कोरोच आसा! काय्येक दिसना नाय.’

मी म्हटलं, थांबा, उघड्यावर नको, तळहाताखाली झाकून धरा. पूर्ण रंग यायला साधारण दीड मिनिट लागतं. थोरल्या दिरांनी फोटो हलवायला हात पुढे केला, त्यांना थांबवलं. फोटो झटकल्याने लवकर येतो हा समज जुन्या, साल सोलून काढायच्या पोलरॉइड कंपनीच्या झटपट फोटोंमधून आलेला आहे. तिथे वरचा ओला थर सुकवायचा असायचा. इथे सगळं कागदाच्या आत बंद असतं. फोटो बाहेर येताना दोन रुळांमधून दाबला जातो, कडेच्या पट्टीत असलेली रसायनाची पुडी फुटते आणि तो लगदा थरांच्या मधून एकसारखा पसरतो. झटकला किंवा वाकवला तर उलट पसरण्यात खोट येते. हे मी सांगत होते तोवर वयनींच्या हाताखाली आधी कपाळावरचं कुंकू उमटलं. मग डोळ्यांच्या जागा, मग हिरवं लुगडं, शेवटी मागचा चिऱ्याचा खांब. पाचसहा डोकी एकमेकांवर ओणवी झालेली. कोणी काही बोलत नव्हतं.

त्या दीड मिनिटाची गंमत मला मोबाइलच्या कुठल्याही फोटोत मिळालेली नाही. हा वेळ काढून टाकण्यासाठी नव्हे, तर तो इतका कमी करण्यासाठी एका माणसाने आयुष्य घातलं. एडविन लँड हे पोलरॉइड कंपनीचे संस्थापक. १९४३ मध्ये सँटा फे इथे सुट्टीवर असताना त्यांच्या लहान मुलीने विचारलं, की आता काढलेला फोटो आताच का बघता येत नाही. १९४७ मध्ये त्यांनी तत्काळ फोटोचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनच्या एका मोठ्या दुकानात पहिला कॅमेरा विकायला ठेवला. त्यांची ही गोष्ट मी पोरांना सांगितली. त्यांना त्या मुलीचं बोलणं अगदी पटलं, कारण त्यांचाही प्रश्न तोच होता, फक्त दीड मिनिटसुद्धा का, असा.

मग आला मोठा फोटो. दरवर्षी प्राणप्रतिष्ठा झाली की मखरापुढे सगळे उभे राहतात आणि एक घरचा फोटो होतो. सगळ्यांचं म्हणणं पडलं की यंदा तो या कॅमेऱ्यातच काढायचा. मी माजघराच्या पार दाराशी गेले तेव्हा कुठे सगळे चौकटीत आले. फ्लॅशची पोच २.७ मीटर, म्हणजे नऊ फुटांपेक्षा किंचित कमी. पुढच्या रांगेतल्या मुलांच्या कपाळांवर पांढरा झोत पडला, मागचे काका अंधारात गेले आणि चेहरे आले तिळाएवढे. गणपती नेमका कुठे ते शोधावं लागत होतं. फोटो वाईट नव्हता, एवढ्या लहान कागदाकडून एवढी मोठी मागणी करणं वाईट होतं.

तिथून पुढे माझं धोरण बदललं. लहान चौकटीत लहानच गोष्ट घ्यायची. एका फोटोत एक माणूस, फार तर दोघं. किंवा नुसते हात. किंवा एक वस्तू. चौकटीचा निम्मा भाग त्याच गोष्टीने भरला पाहिजे, नाहीतर कागद हातभर लांब धरल्यावर काहीच कळत नाही. एकदा हे ठरवल्यावर घरभर फोटोच फोटो दिसायला लागले. दुर्वांची जुडी बांधणारी बोटं. सासऱ्यांचं सोवळं आणि त्यावर ठेवलेली पळी. पाटावर उलटे घातलेले चष्मे, आरतीच्या वेळी काढून ठेवलेले. पडवीत ओळीने सुटलेल्या चपलांपैकी सगळ्यांत लहान जोड.

माटवीचं सांगायला हवं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातलं सगळं काही बांधतात: लालभडक कवंडळं, हरणाची फुलं, शेरवडाची पांढरी पानं, नारळ, काकडी, सुपारीचे शिपटे, आंब्याचे टाळे. अख्खी माटवी एका फोटोत घेतली तर हिरव्या गर्दीपलीकडे काही राहत नाही. मी स्टुलावर चढून एकच कवंडळ आणि त्याच्या मागची दोन शेरवडाची पानं घेतली. मागचं सगळं फ्लॅशच्या पोचेपलीकडे गेल्यामुळे काळं झालं आणि ते लाल फळ एकटं चमकत राहिलं. हा त्या पाच दिवसांतला माझा सर्वांत आवडता फोटो आहे. ज्यांनी रानात फिरून, पावसात भिजून ती फळं आणली, त्या धाकट्या दिरांनी तो स्वतःकडे ठेवला आहे.

मखराच्या मागे चमकी कागद असल्यामुळे समोरून फोटो काढला की फ्लॅश सरळ भिंगात परत यायचा. दोन पावलं डावीकडे सरकून तिरकं उभं राहिलं की ते थांबतं. मूर्तीचा फोटोही पूर्ण घेतला नाही. सोंडेवरची नक्षी आणि हातातला मोदक एवढंच घेतलं. रंगवणाऱ्या मूर्तिकाराची रेघ किती बारीक होती ते त्यात दिसतं.

मोदकांनी मात्र चांगलीच मेहनत करून घेतली. जवळच्या फोटोसाठी भिंगाची कडा आणखी थोडी पुढे ओढायची असते. मग तीस ते पन्नास सेंटिमीटरवरचं स्पष्ट येतं. भिंगाशेजारी इवलासा आरसा आहे, तो स्वतःचा फोटो काढताना बघायला. अडचण अशी, की आपण ज्या खिडकीतून बघतो ती भिंगाच्या वर आणि एका बाजूला असते. लांबच्या माणसाला त्याने फरक पडत नाही, पण हातभर अंतरावरच्या मोदकाला पडतो. खिडकीत तो बरोबर मध्यावर दिसतो आणि कागदावर वर आणि कडेला सरकलेला निघतो. म्हणून मोदक खिडकीत मुद्दाम मध्याच्या खाली धरायचा. (२०२३ मध्ये आलेल्या मिनी १२ मध्ये हा फरक भरून काढायची सोय केलेली आहे.) दुसरं म्हणजे पांढऱ्याशुभ्र उकडीवर फ्लॅश इतक्या जवळून पडला की कळ्या पुसल्याच जातात. फ्लॅशवर पातळ टिश्यू पेपराची एक घडी चिकटवली, आणि मोदक केळीच्या हिरव्या पानावर ठेवून जाऊबाईंना तो हातात धरायला सांगितला. तेव्हा कळ्या मोजता येतील असा आला. एकवीस होत्या की एकोणीस यावर नंतर स्वयंपाकघरात वाद झाला, आणि फोटोच पुरावा म्हणून मागवला गेला.

टिश्यू लावताना किंवा मुलांच्या हाती कॅमेरा देताना एक बघावं लागतं. पुढच्या बाजूला उजेड मोजणाऱ्या बारीक खिडक्या असतात. त्यांच्यावर बोट आलं की कॅमेऱ्याला काळोख वाटतो आणि सगळं पांढरंफेक येतं. मुलांना मी आधी नुसता धरायला शिकवलं, मग बटण.

संध्याकाळच्या आरतीला वीज गेली. कोकणात ते नवल नाही. समया, निरांजन आणि कापूर, एवढाच उजेड. इथे या साध्या कॅमेऱ्याने कमाल केली. काळोखात तो फ्लॅश उडवतो, पण शटर अर्ध्या सेकंदापर्यंत उघडंच ठेवतो. त्यामुळे समोरचा माणूस फ्लॅशमध्ये स्पष्ट येतो आणि मागच्या ज्योतीही कागदावर उतरतात. हात हलला तर त्या ज्योतींच्या पिवळ्या रेघा होतात. मी दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, श्वास धरून बटण दाबलं. झांजा वाजवणाऱ्या पुतणीचा चेहरा लख्ख आला आहे आणि तिच्या दोन्ही हातांच्या जागी पितळेचा एक सोनेरी फराटा आहे. फुगड्यांच्या रात्री हेच जाणूनबुजून केलं. फिरणाऱ्या दोघींचे चेहरे स्थिर, आणि भोवती पदरांचं फिरतं रंगीत वलय.

भजनी मंडळी रात्री घराघरांतून फिरत येतात. आमच्याकडे त्यांना उसळ-पाव आणि चहा असतो. पेटीवाल्या आजोबांना मी विचारून त्यांच्या बोटांचा फोटो घेतला. ते म्हणाले, ‘तोंडाचो नको?’ मी म्हटलं, तोंडाचे पुष्कळ असतील. त्यांनी फोटो खिशातल्या डायरीत, अभंग लिहिलेल्या पानावर ठेवला. पखवाजवाल्या मुलाने लगेच मनगट पुढे केलं, ‘माका पण व्हयो.’ त्यालाही दिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट होत गेली. मोबाइलचा फोटो सगळ्यांचा असतो, गटावर जातो आणि मग तिथेच राहतो. हा फोटो एकच असतो. याची दुसरी प्रत नाही, मागे निगेटिव्ह नाही. त्यामुळे तो कुणाकडे राहणार हे ठरवावं लागतं. मी नियम केला, की ज्याचा फोटो त्याला. माझ्याकडे राहील तो फक्त वस्तूंचा. या नियमाने भांडणं मिटली नाहीत, विशेषतः दोघांच्या फोटोंवरून. दोन सख्ख्या चुलत बहिणी एका फोटोसाठी दिवसभर अबोल होत्या. तेव्हा आणखी एक फिल्म खर्ची घातली. काटकसर तिथे शोभली नसती.

गौरीच्या दिवशी धाकट्या जावेचा पहिला ओवसा होता. नवीन सुनेने सूप भरून गौरीपुढे ओवसायचं. सुपात पानं, फळं, सुपाऱ्या, नारळ मांडलेले. ती घाबरलेली होती, सूप जड होतं आणि घरच्या सगळ्या बायका भोवती. सर्वांचे मोबाइल वर. मी तिच्या अगदी बाजूला जाऊन नुसतं सूप आणि त्याला घट्ट धरलेले मेंदीचे हात घेतले. विधी झाल्यावर तो तिच्या हातात दिला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘ताई, माझे हात थरथरत होते, ते यात दिसत नाही ना?’ दिसत नव्हतं. फ्लॅशच्या क्षणात थरथर मावत नाही. तिच्या आईला गावी पाठवायला तिला तोच हवा होता. तो साध्या टपालाच्या पाकिटातून, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवला आणि नीट पोचला.

पोरांना हे फोटो कापून राख्यांसारखे चिकटवायचे होते. कापू दिले नाहीत. आतलं रसायन क्षारीय असतं, ताज्या फोटोतून बाहेर आलं तर त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतं. त्याऐवजी पडवीत सुतळी बांधली आणि लाकडी चिमट्यांनी फोटो टांगले. पाऊस जोराचा आला की सुतळी आत माजघरात यायची. खालच्या पांढऱ्या पट्टीवर नाव आणि तिथी लिहायला सीडीवर लिहायचं मार्कर चालतं, जेल पेनची शाई पुसते. तिथी लिहायची कल्पना वयनींची. ‘तारीख कोणाक आठवता?’ असं त्या म्हणाल्या. त्यामुळे आमच्या फोटोंवर ‘भाद्रपद शुद्ध पंचमी’ असं आहे.

एकदोन गोष्टी मनाप्रमाणे झाल्या नाहीत. वहाळावरचं, म्हणजे ओढ्यावरचं, विसर्जन मला हवं होतं तसं आलं नाही. संधिप्रकाश, पाऊस, माणसं दूर पाण्यात, आणि फ्लॅशमध्ये फक्त थेंबच थेंब चमकले. असं दृश्य या कॅमेऱ्याचं नव्हे. ते मोबाइलने छान टिपलं आणि तो आनंदही काही कमी नाही. माझ्याकडे त्या संध्याकाळचा आहे तो रिकाम्या पाटाचा फोटो. त्यावर वहाळातली मूठभर वाळू, घरी परत आणलेली.

आता पुढच्या वर्षाची बोलणी सुरू झाली आहेत. थोरल्या दिरांचं म्हणणं, इन्स्टॅक्सचाच वाइड कॅमेरा घेऊ, त्याची चौकट ६२ बाय ९९ मिलिमीटर, म्हणजे दुपटीहून मोठी, घरचा फोटो नीट येईल. त्यांचं बरोबर आहे, आणि त्या एका फोटोसाठी कुणाकडून तरी तो मागून आणायला माझी हरकत नाही. पण विकत घ्यायला मी तयार नाही. वयनींच्या पानाच्या चंचीत मावतो तो मिनीच. फिल्मसाठी घरटी वर्गणी काढायचं ठरलं आहे. हिशेब पुतण्याकडे, कारण किती उरले ते त्यालाच पक्कं माहीत असतं.